ताईचं जुनं माप

मंगळवार, ६ फेब्रुवारी

ही वही मापांची आहे. पुढून गिऱ्हाइकांची मापं, मागून आजपासून माझं लिहिणं. नवी वही आणली तर ती कोणाच्या तरी हाती लागेल. मापवही मात्र माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. काकाही नाहीत, आणि ते तर तीस वर्षं माझ्या दुकानात काज-बटणं करतात.

आज दुपारी ताई आली. पँट कमरेत सैल करायची होती. मी गळ्यातला टेप काढला आणि ती म्हणाली, "बारके, ऐक. मला स्तनाचा कॅन्सर निघालाय. डावी बाजू पूर्ण काढणार आहेत. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन."

एका दमात सांगितलं. ताई बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवते. "आरसा बघ, सिग्नल दे, मग वळ" म्हणते ना, अगदी त्याच आवाजात. शेजारचा घाबरला की ही जास्तच शांत होते. आज शेजारी मी होते.

मी काय म्हटलं? "बरं." गिऱ्हाइकाने कोटाची तारीख सांगितल्यासारखं "बरं"! टेप परत गळ्यात टाकला आणि पँट अंदाजानेच करते म्हणून सांगितलं. जाताना तिनेच माझ्या पाठीवर थोपटलं.

(मला बारकी म्हणणारी आता एकटी तीच उरली आहे. माझी कंबर बघता हा सरळसरळ अपमान आहे.)

एक ठरवलंय. हातावर हात धरून बसायचं नाही. मला दुसरं काही येत नाही, शिवता येतं. तर शिवीन.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

झालं. चार तास लागले. डॉक्टर म्हणाले, सगळं नीट झालं.

बाकावर भाऊजी शेजारी होते. शर्टाचं एकच बटण काढत होते, लावत होते. शेवटी ते हातात आलं. माझ्या पर्समध्ये सुई-दोरा असतोच, तिथेच लावून दिलं. आज माझ्याकडून तेवढंच झालं.

रविवार, १८ फेब्रुवारी

वॉर्डात गेले. ताई उशीला टेकून बसली होती. अंगातून दोन नळ्या बाहेर आल्यात, त्यांना दोन बाटल्या. जखमेतलं पाणी त्यात जमा होतं. बाटल्या भाजीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाऊनला सेफ्टी पिनने अडकवलेल्या. म्हणाली, "बघ, माझी नवी पर्स."

मग म्हणाली, "जरा कपडे बदलायला हात लाव ग." पाण्याचा जग रिकामा होता, म्हणून मी आधी पाणी आणायला गेले. नळाला रांग होती. परत आले तोवर भाऊजींनी बटणं लावली होती, एक घर चुकवून.

वॉर्डातल्या सिस्टरने मला गाठलं. ही साठीला आलेली, चष्म्याला दोरी बांधलेली बाई. "तुम्ही सख्खी बहीण ना? मग तुमचीही तपासणी करून घ्या. छातीचा फोटो काढतात, पंधरा मिनिटांचं काम." चिठ्ठी दिली. या वहीत खूण म्हणून ठेवली आहे. या आठवड्यात युनिफॉर्मचं काम अंगावर आहे, पुढच्या आठवड्यात जाईन.

पण एक बघून मला खरंच राग आला. हॉस्पिटलचे गाऊन मागून उघडे! नुसते दोन बंद. बाई चालली की पाठ सगळ्या जगाला दिसते. ज्याने हा गाऊन कापला त्याची आई-बहीण कधी आजारी पडली नसावी. मी करीन चांगले. चाळीस करीन.

बुधवार, २१ फेब्रुवारी

ताई घरी आली, बाटल्यांसकट. आणखी दहा दिवस त्या राहणार.

आमच्या भागातल्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंकडे गेले. त्यांचे सगळे कोट माझ्याकडे होतात. एका शब्दात कापड द्यायला तयार झाल्या. "पण गुलाबीच हं! कॅन्सर म्हणजे गुलाबी." दुसरी अट, गाऊनवर मंडळाचा बिल्ला हवा. त्यात काय, शाळेच्या युनिफॉर्मवर मी वर्षाला हजार बिल्ले लावते. दोन मार्चला वॉर्डात वाटप, फोटोवाला येणार.

आज बरं वाटतंय. काहीतरी हलतंय.

सोमवार, २६ फेब्रुवारी

कटिंग झालं. काका काज करता करता म्हणाले, "बाई, माप कोणाचं घेतलंत?"

"हॉस्पिटलच्या गाऊनला कसलं माप? फ्री साइज."

"नाही, तीस वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही टेप न लावता कात्री चालवताय. म्हणून विचारलं."

"काका, काजं करा."

काजं तरी कुठे आहेत यात! मागची उघडी बाजू मी पूर्ण बंद केली आहे, डोक्यावरून घालायचा. छातीला उभार यायला छान टक्स घातलेत, गोणपाट नेसल्यासारखं वाटायला नको. डाव्या बाजूला बिल्ला.

ताईसाठी वेगळं काही केलं. आतला कपडा, डाव्या बाजूला मऊ कापूस भरून. उठून दिसणार नाही असा. माप विचारायची गरज नव्हती, ताईचं छातीचं माप मला तोंडपाठ आहे. वहीत तेविसाव्या पानावर आहे, गेली कित्येक वर्षं इंचाचाही फरक नाही. सकाळी डब्याबरोबर देऊन आले. तिने उघडून बघितलं, हात फिरवला. "छान शिवलंयस," म्हणाली आणि कपाटात ठेवलं. घालून बघ म्हणायच्या आत मला दुकानाची आठवण झाली.

तपासणीचं राहिलं. वाटप होऊन जाऊ दे.

शनिवार, २ मार्च

लिहायचं नव्हतं. लिहिते.

अध्यक्षीणबाई गुलाबी नेसून आल्या होत्या. फोटोवाला आला. म्हणाला, एखादीने गाऊन घालून दाखवला तर फोटो छान येईल. कोपऱ्यातल्या खाटेवर एक फुलवाली होती. बाजारात फुलं विकते, चार दिवसांपूर्वी ऑपरेशन झालेलं. तीच पुढे आली, "द्या, मी घालते. आयुष्यात फोटो कोणी काढलाय माझा!" पडद्याआड सिस्टर तिला मदत करत होती, मी शेजारी.

उजवा हात गेला. डोकं गेलं. डावा हात वर होईना. कसा होईल? ऑपरेशन झालेल्या बाईचा हात खांद्याच्या वर जातच नाही, हे वॉर्ड झाडणाऱ्यालाही माहीत आहे. मला नव्हतं. ती अर्धी आत, अर्धी बाहेर, तोंडावर गुलाबी कापड. ओढलं की कळ येत होती. आतून आवाज आला, "अहो, मी आहे अजून इथेच."

सिस्टरने कात्री आणली आणि माझी शिवण काखेपासून खालपर्यंत कापली. माझ्या डोळ्यांदेखत. बरोबरच केलं तिने.

फुलवालीने दम घेतला, तो गाऊन समोर धरला आणि डावीकडचा बिल्ला बघितला. सपाट झालेल्या बाजूवरच येणार होता तो, खाली टक्सचा पोकळ फुगा. "शिंपीणबाई," ती म्हणाली, "मंडळाचं नाव लिहायला बरी जागा शोधलीत हो. रिकामी दिसली होय?"

अख्खा वॉर्ड हसला. हसताना त्या बायका आपापली छाती धरत होत्या. मी हसले नाही. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

नंतर सिस्टरने मला एक कपाट उघडून दाखवलं. आत आधीच्या वाटपांतून आलेली किल्ल्यांची गुलाबी कडी, गेल्या वर्षीची कॅलेंडरं, आणि एक खोकाभर कंगवे-पिना. "कंगवे," ती म्हणाली. "केस गेलेल्या बायकांना. आम्ही नाही म्हणत नाही कोणाला. नाही म्हटलं की माणसं पुन्हा येत नाहीत. पण यायच्या आधी फोन करा की हो, एक फोन."

तपासणी केली का, असंही विचारलं. मी म्हटलं, करणार आहे.

सोमवार, ४ मार्च

चाळीस गाऊन दुकानात परत. गठ्ठ्याकडे बघवत नाही. ताईचा फोन आला. भाऊजींना कुठूनसं कळलं होतं. "छातीवर बिल्ला?" एवढंच म्हणाली आणि इतकी हसली की टाके ओढले म्हणून फोन ठेवावा लागला.

मला तिचा खूप राग आला. मी कोणासाठी करतेय हे सगळं?

मंगळवार, ५ मार्च

भाऊजी दुकानात आले. कधी येत नाहीत. स्टुलावर बसले, चहा घेतला.

"बाटल्या शुक्रवारी काढल्या," म्हणाले. "रोज दोनदा मीच रिकाम्या करायचो. पहिल्या दिवशी मला घेरी आली. तिनेच मला पाणी पाजलं."

मी म्हटलं, चांगलं झालं, सुटली.

"ती विचारत असते, बारकी संध्याकाळी का येत नाही? सकाळी येते, डबा ठेवते आणि दाराशी चप्पलही न काढता पळते."

"दुकान आहे ना, भाऊजी."

"हो. दुकान आहे," ते म्हणाले. मग खिशातून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. जुन्या पँटचा खिसा कापून केलेली पिशवी. कडा स्टेपलरने मारलेल्या. बावीस पिना मोजल्या मी. वर बुटाची नाडी, खांद्यावरून तिरकी घ्यायला. "बाटल्यांसाठी केली होती. त्या सेफ्टी पिनने नळी ओढली जायची. तिला ही बरी पडली. वॉर्डातल्या कोणाला उपयोगी पडेल तर बघ. तू नीट करशील."

ते गेल्यावर काकांनी ती उलटसुलट केली. शिवण म्हणून लाज आणणारी. पण बाटली बरोबर बसत होती, नळीला वळायला जागा होती, नाडी कमरेपर्यंत येत होती. काका म्हणाले, "बाई, माप मात्र घेतलंय त्यांनी."

मी मान खाली घालून पिशवीच्या पिना पुन्हा मोजल्या. ज्या माणसाला सुईत दोरा ओवता येत नाही, त्याने केलं ते. आणि मी?

शनिवार, ९ मार्च

आधी फोन केला. सिस्टर म्हणाली, दुपारी तीनला या. टेप, वही, पेन्सिल घेऊन गेले, कापड नेलं नाही. प्रत्येक खाटेशी बसून विचारलं, काय हवं?

पुढून उघडणारा सदरा, कमरेपर्यंत बटणं. बटणंही मोठी, कारण बोटं बधिर होतात. गडद रंग, औषधाचे डाग गुलाबीवर लगेच दिसतात. काखेत ठेवायला छोटी उशी, हात अंगाला घासू नये म्हणून. बाटल्यांची पिशवी तर सगळ्यांनाच. खिडकीजवळच्या एका बाईने सांगितलं, मला काही नको, थोडं बसा. अर्धा तास बसले.

फुलवालीची मी माफी मागितली. "जाऊ द्या हो," ती म्हणाली, "त्या दिवशी आठवड्यात पहिल्यांदा हसले मी. पण खरं सांगू? पिशवीने माझं काही होत नाही. मला रेडिएशनला पंचवीस वेळा यायचंय, दोन बस बदलून. डॉक्टर म्हणतात, एकही चुकवू नका. कशी येऊ?"

याला माझ्याकडे कात्री नाही. तरी वहीत लिहून घेतलं.

बुधवार, १३ मार्च

अध्यक्षीणबाईंना स्पष्ट सांगितलं. गाऊन उसवणार, त्याच कापडाच्या उश्या आणि पिशव्या करणार. सदऱ्यांना गडद कापड द्या. बिल्ला नाही.

त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग आमच्या मंडळाचं नाव कुठे दिसणार?"

"पिशवीच्या आत, शिवणीत."

"आत कोण बघतं?"

"जिची पिशवी आहे ती."

लोखंड तापलेलं होतं म्हणून मी पुढचंही मारून घेतलं. तुमची गाडी आणि ड्रायव्हर सकाळी दारात उभे असतात, फुलवालीला रेडिएशनला न्यायला त्यांचा उपयोग करू द्या. त्या म्हणाल्या, विचार करते. म्हणजे नाही.

शुक्रवार, २२ मार्च

मी आणि काका उसवतोय. शिवायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ उसवायला लागतो, आणि प्रत्येक टीप आपणच किती घट्ट घातली होती ते कळतं. चाळीस बिल्ले एका डब्यात. काका म्हणतात, ठेवा, पुढे कधी डोक्यात हवा गेली तर उघडून बघा.

संध्याकाळी फोन. अध्यक्षीणबाई. "मंगळवार, गुरुवार ड्रायव्हर मोकळा आहे." बस, एवढंच बोलून ठेवला. मनाने वाईट नाही बाई.

बाकीच्या दिवसांचं ताईने जमवलं. तिच्या ड्रायव्हिंग स्कूलचे दोन मास्तर सकाळी आळीपाळीने नेतील. फुलवालीला सांगायला गेले तर म्हणाली, "मास्तरच चालवणार ना? कॅन्सरमधून वाचवलंत, आता शिकाऊ पोराच्या हाती देऊन मारू नका."

सोमवार, १ एप्रिल

अठ्ठावीस पिशव्या, तीस उश्या, बारा सदरे. फोटोवाला नाही. सिस्टरने सदऱ्याची बटणं एका हाताने लावून, काढून बघितली आणि मान डोलावली. मला कोणी शाल पांघरली असती तरी इतकं बरं वाटलं नसतं.

निघताना म्हणाली, "आणि तुमची चिठ्ठी?" मी म्हटलं, आता हे काम संपलं की. ती म्हणाली, "हे काम संपतं का?"

मंगळवार, १६ एप्रिल

दुकान बंद करायच्या वेळी ताई आली. काका निघत होते. तिने त्यांना जाऊ दिलं आणि शटर अर्धं खाली ओढलं.

"सोमवारपासून शिकवायला जातेय. डॉक्टर हो म्हणालेत," ती म्हणाली. "पण गाडीतला पट्टा नेमका इथून जातो, टोचतो. आणि तू दिलेलं ते वर सरकतं. गाडीला ब्रेक लागला की गळ्याशी येतं. दोन वेळा घातलं, मग मोज्याचा गोळा घालून फिरले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू थांबलीस कधी?"

मी वही ओढली. "थांब, तेविसाव्या पानावर..."

"बारके. तेविसाव्या पानावरची बाई आता नाही. टेप काढ."

ती पडद्यामागे गेली, शर्टाची बटणं काढली आणि मला हाक मारली. मी पडद्याबाहेर उभी. दुकानातल्या बायकांची हजारो मापं घेतलेली मी, पडद्याला हात लावत नव्हते. मला खूप भीती वाटत होती. आज लिहूनच टाकते, दोन महिने मला फक्त भीती वाटत होती. पाणी, डबा, दुकान, चाळीस गाऊन, सगळं तिच्या छातीकडे बघायला नको म्हणून.

"मला थंडी वाजतेय," ती म्हणाली.

गेले आत. बघितलं.

एक आडवी रेघ, काखेपर्यंत. टाके सरळ होते, अंतर सारखं. डॉक्टरचा हात चांगला आहे. कडेला थोडी सुरकुती, तिथे मीही चुकले असते. मी तसं म्हटलं आणि रडायला लागले. ती हसली आणि मग तीही रडली. टेप मध्ये लोंबत होता.

मग माप घेतलं. दोन्ही बाजूंचं वेगवेगळं, खांद्यापासून रेघेपर्यंत, रेघेपासून बरगडीपर्यंत. जिथे दुखतं तिथे तिने माझं बोट धरून ठेवलं. त्या जागी शिवण येऊ द्यायची नाही. आतला भाग वजनदार करायला हवा म्हणजे सरकणार नाही. पट्ट्यालाही मऊ गादी करते. तेविसाव्या पानावर काट मारली नाही. खाली नवीन माप लिहिलं, आजची तारीख घालून.

पान उलटताना चिठ्ठी पडली. ताईने उचलली, चष्मा लावला.

"ही फेब्रुवारीतली आहे."

"कामात..."

"बारके," त्याच आवाजात, आरसा बघ, सिग्नल दे, "शुक्रवारी नऊ वाजता मी दाराशी हॉर्न वाजवीन. दोनदा वाजवणार नाही."

शुक्रवार, १९ एप्रिल

एकदाच वाजवला. काकांनी माझ्या हातातून कात्री काढून घेतली आणि मला दाराबाहेर काढलं.

ताईने गाडी चालवली. मी परवाच्या मापाने शिवलेलं नवीन घातलं होतं. रस्त्यात एक सायकलवाला आडवा आला, तिने करकचून ब्रेक मारला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "जागच्या जागी!" सायकलवाला थबकून बघतच राहिला.

आता बाकावर बसले आहे. आधीच्या दोघी आत जाऊन आल्या. खरंच पंधरा मिनिटं लागतात. निकाल काय येईल माहीत नाही. भीती वाटतेय ती वाटतेय, आज तिला युनिफॉर्मचं काम म्हणणार नाही. ताई शेजारी पेपर वाचतेय, पण मघापासून पान उलटलेलं नाही.

माझा नंबर पुकारला. वही ताईकडे देते आहे. मागून उघडून वाचली तर वाचू दे.